सीडीडीक्यू दोन देशांत वापरताना: गुणांतला फरक विद्यार्थ्यांचा की मापनीचा?

चाचपणी:

नमस्कार मंडळी. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना करिअर ठरवताना नेमकं कुठे अडतं, याची दोन देशांत तुलना करायची आहे. साधन म्हणून सीडीडीक्यू घेतली आहे. गाती, क्राउस आणि ओसिपॉव यांनी १९९६ साली मांडलेली 'करिअर डिसिजन-मेकिंग डिफिकल्टीज क्वेश्चनेअर' ती हीच. वापरतो आहे ती नंतरची ३४ विधानांची आवृत्ती, १ ते ९ अशी उत्तरश्रेणी असलेली. नमुना प्रत्येक देशात २५० विद्यार्थ्यांचा ठरवलाय. भाषा दोन, भाषांतरं दोन. छोटी पूर्वचाचणी झाली आहे आणि तिथेच गाडी अडली आहे:

१. विधान क्र. ७ आणि १२ ही वैधता तपासण्यासाठी आहेत. त्यांच्या आधारे उत्तरं गाळली तर अ देशातले मोजकेच विद्यार्थी बाहेर जातात, ब देशातले मात्र बरेच. एवढे लोक काढून टाकायचे?

२. 'तयारीचा अभाव' या गटाचा अल्फा (गटातली विधानं एकमेकांना किती धरून आहेत तो आकडा) दोन्हीकडे कमी येतो, 'चुकीच्या धारणां'चा तर फारच कमी. विधानं काढून तो वर आणावा का?

३. ब देशाची सरासरी जवळजवळ सगळ्याच उपगटांत जास्त आहे. टी-टेस्ट लावून 'ब देशातल्या विद्यार्थ्यांना अडचणी जास्त' असं लिहिता येईल का? मार्गदर्शक 'आधी इन्व्हेरियन्स तपासा' म्हणतात, म्हणजे मापनाची समता: मापनी दोन्ही देशांत तेच आणि तसंच मोजते का. तो नेमका कोणत्या क्रमाने तपासायचा आणि कुठे थांबायचं?

४. 'बाह्य संघर्ष' हा उपगट ब मध्ये बराच वर आहे. संस्कृती-अभ्यासक हॉफस्टेड यांचे व्यक्तिवाद-समूहवादाचे देशवार गुण वापरून याचं स्पष्टीकरण द्यायचा विचार आहे.

संदर्भग्रंथांची यादी नको आहे. प्रत्यक्षात काय करायचं आणि काय टाळायचं ते हवं आहे.

---

मापपट्टी:

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो. इन्व्हेरियन्सवर इथे दुसरे जाणकार आहेत.

आधी रचना डोळ्यांसमोर ठेवा, कारण तुमचे निम्मे प्रश्न तिच्यातूनच आलेत. ३४ पैकी गुणांत धरायची विधानं ३२. त्यांचे दहा उपगट: प्रेरणेचा अभाव (३ विधानं), एकंदर अनिर्णयी वृत्ती (३), चुकीच्या धारणा (४), निर्णय कसा घ्यायचा याची माहिती नसणं (३), स्वतःविषयी माहिती नसणं (४), व्यवसायांविषयी (३), माहिती मिळवण्याच्या मार्गांविषयी (२), अविश्वसनीय माहिती (३), अंतर्गत संघर्ष (५) आणि बाह्य संघर्ष (२). पहिले तीन म्हणजे 'तयारीचा अभाव', मधले चार म्हणजे 'माहितीचा अभाव', शेवटचे तीन म्हणजे 'विसंगत माहिती'. पहिला गट निर्णयप्रक्रिया सुरू होण्याआधीचा, उरलेले दोन ती सुरू असतानाचे.

आता वैधतेची विधानं. क्र. ७ चा आशय साधारण असा, की मला गोष्टी माझ्या पद्धतीने करायला आवडतात. तिथे गुण वर असावा अशी अपेक्षा. क्र. १२ चा आशय, मला जे सांगितलं जातं ते मी मनाविरुद्ध असलं तरी नेहमी करतो. तिथे गुण खाली असावा अशी अपेक्षा. म्हणजे ७ ला कमी किंवा १२ ला जास्त गुण देणारा विद्यार्थी 'न वाचता खुणा करतोय' असं गृहीत धरलं आहे. ज्या समाजात थोरांचं ऐकणं ही रीत आहे, तिथे एखादा विद्यार्थी पूर्ण लक्ष देऊन, प्रामाणिकपणे नेमकी हीच उत्तरं देईल. तुमची चाळणी ब देशातले निष्काळजी विद्यार्थी गाळत नाहीये, घरच्यांचं ऐकणारे गाळते आहे. त्यांना वगळल्यावर ब देशाचा उरलेला नमुना अ देशासारखाच दिसू लागतो आणि जो सांस्कृतिक फरक शोधायला निघालात तोच हातून जातो.

मी असं करीन. ७ आणि १२ छापील क्रमात तशीच ठेवायची, म्हणजे क्रमांक बिघडत नाहीत. पण त्यांच्यावरून कुणालाही गाळायचं नाही. निष्काळजीपणा पकडायला संस्कृतीशी संबंध नसलेल्या खुणा वापरा. मधे एक थेट सूचना घाला, 'या ओळीत ३ वर खूण करा' अशी. एकाच अंकाची सलग रांग किती लांब आहे ते मोजा. प्रश्नावली ऑनलाइन असेल तर वेळ नोंदवा. दर विधानाला सरासरी दोन सेकंदांहून कमी, म्हणजे ३४ विधानं ६८ सेकंदांच्या आत उरकली असतील, तर ती वाचलेली नाहीत असं खुशाल समजा. निकष काहीही ठेवा, पण गोळा केलेली उत्तरं उघडण्याआधी लिहून ठेवा आणि दोन्ही देशांना तोच लावा.

अल्फाचं म्हणाल तर घाबरू नका. इस्रायली आणि अमेरिकन नमुन्यांवरच्या मूळ अभ्यासातही तयारीच्या गटाचाच अल्फा सर्वांत कमी होता, पूर्ण प्रश्नावलीचा मात्र ०.९५ च्या आसपास. चुकीच्या धारणांची चार विधानं एकमेकांना धरून चालतीलच असं नाही. 'माझ्यासाठी एकच योग्य करिअर आहे' असं मानणारा 'करिअर मिळालं की वैयक्तिक अडचणी सुटतील' असंही मानेल, हे कशावरून? ही वेगवेगळ्या समजुतींची मोजदाद आहे, एकाच गुणधर्माची चार रूपं नव्हेत. विधानं काढून अल्फा फुगवलात तर इतर कुठल्याही अभ्यासाशी तुलना संपली. दोन विधानांच्या उपगटांसाठी अल्फाऐवजी स्पिअरमन-ब्राउन द्या, बाकीच्यांसाठी ओमेगा; दोन्ही अल्फासारखेच विश्वसनीयतेचे आकडे. धारणांच्या बाबतीत चारही विधानांच्या सरासऱ्या स्वतंत्र छापा. त्याच जास्त बोलक्या असतात.

---

समरेषा:

तिसरा प्रश्न माझ्याकडे. आधी कुठलं मॉडेल चालवायचं ते ठरवा, कारण इथेच बहुतेक प्रबंध घसरतात.

पर्याय एक: ३२ विधानं, दहा फॅक्टर (उत्तरांमागचे न दिसणारे घटक, इथे दर उपगटाला एक). दर फॅक्टरचं एक लोडिंग (विधान फॅक्टरशी किती जोडलेलं आहे तो आकडा) १ ला बांधलं तर मोजायचे आकडे होतात २२ लोडिंग, ३२ त्रुटी-विचरणं, १० फॅक्टर-विचरणं आणि ४५ सहविचरणं. एकूण १०९, आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम ४१९. तेही एका गटात. २५० माणसांवर हे चालतं, पण जेमतेम. त्यात दोन फॅक्टर दोन-दोन विधानांचे.

पर्याय दोन: दहा उपगटांच्या सरासऱ्या घ्यायच्या आणि त्यांवर तीन फॅक्टर. मोजायचे आकडे २३, डिग्रीज ऑफ फ्रीडम ३२. मॉडेल सुतासारखं सरळ चालतं, म्हणून लोकप्रिय आहे. पण एखादं विधान एका भाषेत वाकडं गेलं असेल तर ते सरासरीत बुडून जातं आणि तुम्हाला कळतही नाही. सांस्कृतिक तुलनेत तर नेमकं तेच शोधायचं असतं. म्हणून आधी विधानपातळीवर तपासा. दहा फॅक्टर एकदम झेपत नसतील तर मोठ्या गटांनुसार तीन तुकड्यांत चालवा, आणि उपगटांच्या सरासरीचं मॉडेल त्यानंतर. रचना दोन्हीकडे सारखीच बसेल हे गृहीत धरू नका. माऊ यांनी २००१ मध्ये अमेरिकन आणि तैवानी विद्यार्थ्यांची तुलना केली, तेव्हा मूळ रचना अमेरिकन विद्यार्थ्यांना जास्त नीट लागू पडली होती.

क्रम असा. प्रत्येक देशात मॉडेल वेगळं चालवा. एकाच देशात ते बसत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. मग दोन्ही गट एकत्र, कुठलंही बंधन न घालता: ही कॉन्फिगरल पायरी. मग लोडिंग समान: मेट्रिक. मग इंटरसेप्टही (फॅक्टरची पातळी सारखी असताना विधानाला मिळणारा मूळ गुण) समान: स्केलर. सरासऱ्यांची तुलना स्केलरनंतरच. त्रुटी-विचरणं समान करण्याची चौथी पायरी अव्यक्त सरासरीसाठी, म्हणजे फॅक्टरच्या सरासरीसाठी, लागत नाही, वेळ घालवू नका.

कुठे थांबायचं? काय-स्क्वेअरचा (मॉडेल आणि आकडे यांतली तफावत मोजणाऱ्या चाचणीचा) फरक मोठ्या नमुन्यात क्षुल्लक गोष्टीलाही ओरडतो, म्हणून चेउंग आणि रेन्सव्होल्ड यांचा २००२ चा निकष धरतात: मॉडेल किती नीट बसतं ते सांगणारा सीएफआय ०.०१ पेक्षा जास्त घसरायला नको. चेन यांनी २००७ मध्ये त्याला जोड दिली. सीएफआय ०.०१० ने घसरला आणि त्यासोबत आरएमएसईए ०.०१५ ने वाढला, किंवा एसआरएमआर (ही दोन्ही मॉडेल किती चुकतं त्याची मापं) मेट्रिकला ०.०३० ने, स्केलरला ०.०१० ने वाढला, तर समता मोडली. नमुना एकूण ३०० च्या आत राहिला आणि गट असमान असतील तर चेन यांचे आकडे आणखी कडक आहेत: सीएफआय ०.००५, आरएमएसईए ०.०१०, एसआरएमआर अनुक्रमे ०.०२५ आणि ०.००५. गळती होऊन नमुना आटला तर हे लक्षात असू द्या.

हमखास बिघडणाऱ्या गोष्टी:

लोडिंग १ ला बांधायला निवडलेलं विधानच दोन भाषांत वेगळं वागत असेल, तर दोष त्याचा आणि आळ बाकीच्यांवर. त्यापेक्षा पहिल्या गटात फॅक्टरचं विचरण १ ला बांधा आणि मेट्रिक पायरीपासून दुसऱ्या गटात ते मोकळं सोडा. आर या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये लव्हान पॅकेज वापरणार असाल तर सेमटूल्स पॅकेजचं 'मेझ-ईक्यू-सिंटॅक्स' हे फंक्शन ही बांधाबांध स्वतः करतं. मात्र ते जे मॉडेल लिहून देतं ते एकदा छापून वाचाच.

नऊ पायऱ्यांची श्रेणी सलग धरून एमएलआर ही अंदाजपद्धत चालवणं योग्यच आहे. पण मग दोन काय-स्क्वेअरची साधी वजाबाकी चालत नाही, सटोरा-बेंटलर दुरुस्तीसह फरक काढावा लागतो. डब्ल्यूएलएसएमव्ही (श्रेणी सलग न धरता सुट्या पायऱ्यांची धरणारी पद्धत) घेतलीत तर एखाद्या गटात '९' ला एकही खूण नाही, अशी रिकामी घरं निघतात आणि मॉडेल अडतं. त्यावर उपाय म्हणजे शेजारची घरं जोडायची, पण दोन्ही गटांत सारखीच जोडायची. आणि वरचे निकष डब्ल्यूएलएसएमव्हीसाठी काढलेले नाहीत, तिथे ते डोळे झाकून लावू नका.

---

चाचपणी:

फार उपयोगी पडलं. दोन शंका. स्केलर पायरी मोडली तर अभ्यासच वाया गेला का? आणि ती पास झाली, तर 'सगळ्याच उपगटांत ब देश वर' हे निर्धास्तपणे छापता येईल?

---

समरेषा:

पहिल्याचं उत्तर: नाही. मेट्रिक टिकली असेल तर संबंधांची तुलना होऊ शकते, म्हणजे निर्णयाबद्दलचा आत्मविश्वास आणि अडचणी यांचं नातं दोन्ही देशांत सारखं आहे का, हे पाहता येतं. सरासऱ्यांसाठी अंशतः समता वापरा: कुठला इंटरसेप्ट समान धरणं जड जातंय ते पाहून एकेक मोकळा सोडायचा. एकावेळी एकच, दर वेळी मॉडेल पुन्हा चालवून, आणि तो का सुटला याचं आशयाला धरून कारण देता आलं तरच. दर फॅक्टरला किमान दोन विधानं समान राहायला हवीत. म्हणजे दोन विधानांच्या 'बाह्य संघर्षा'त एक जरी सुटलं तरी तुलना संपली. नेमका तोच उपगट तुम्हाला सर्वांत हवा आहे, ही मोठी पंचाईत. पुढे दहा-बारा देश झाले तर असं एकेक सोडणं आवाक्याबाहेर जातं. मग अस्पारुहोव्ह आणि मुथेन यांची २०१४ ची अलाइनमेंट पद्धत आहे. दोनच गटांना तिची गरज नाही.

दुसऱ्याचं उत्तर: नाहीच. याचं कारण मापपट्टी नीट सांगतील.

---

मापपट्टी:

सांगतो, कारण हा सापळा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

सीडीडीक्यूची गुणांत धरायची सगळी ३२ विधानं एकाच दिशेची आहेत. जितका गुण जास्त तितकी अडचण जास्त. उलट्या दिशेचं एकही विधान नाही. आता समजा ब देशात विधानाला 'हो' म्हणायचा कल सरसकट जास्त आहे. मग सगळ्या विधानांचे गुण साधारण सारख्याच अंतराने वर सरकतील. स्केलर चाचणी काय पाहते? त्याच फॅक्टरमधल्या इतर विधानांच्या मानाने एखादं विधान वेगळं सरकलंय का, एवढंच. सगळीच एकत्र सरकली तर तिला काही वावगं दिसत नाही, आणि ती सगळी सरकण अव्यक्त सरासरीत जाऊन बसते. स्केलर पास, फरक ठळक, निष्कर्ष चुकीचा. 'जवळजवळ सगळ्याच उपगटांत ब वर' हे चित्र खऱ्या अडचणींपेक्षा होकारकलाशी जास्त जुळतं. खऱ्या फरकात सहसा चढउतार असतात: माहिती कमी पण प्रेरणा भरपूर, असं काहीतरी.

उलटही घडतं. एका गटात टोकाला खुणा करायची सवय, दुसऱ्यात ४-५-६ मध्येच घुटमळायची. मग सरासऱ्या जवळ आणि प्रमाण विचलनं लांब. म्हणून पहिलं काम: दर देशात १ आणि ९ किती, ५ किती, याचा आलेख काढा. मॉडेलच्या आधी.

होकारकल मोजायला सीडीडीक्यूच्या बाहेरचं, दोन्ही दिशांची विधानं समसमान असलेलं साधन लागतं. बीएफआय-२ ही ६० विधानांची व्यक्तिमत्त्व-मापनी तशी आहे, आणि तिची ३० विधानांची छोटी आवृत्तीही. दोन्ही भाषांत तिचं तपासलेलं भाषांतर असलं पाहिजे, ही अट. विधानं उलटी न करता सगळ्यांची सरासरी काढली की परस्परविरुद्ध विधानं एकमेकांना खोडतात आणि उरतो तो होकाराचा कल. तो सहचल (विश्लेषणात सोबत धरायचा घटक) म्हणून घाला आणि देशांमधला फरक किती उरतो ते पाहा.

काही जण यावर सोपा तोडगा सुचवतील: प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करा. असं केलं की होकारकल जातो, पण 'एकूण अडचणी जास्त' हा खरा फरकही त्याच्याबरोबर धुऊन निघतो. विद्यार्थ्याच्या दहा उपगटांत सर्वांत वर कोणता, या प्रोफाइलच्या तुलनेसाठी तो उपाय चांगला. एकूण पातळीच्या तुलनेसाठी निरुपयोगी.

---

समुपदेशन कक्ष:

वरची चर्चा आकड्यांची झाली. आशयाबद्दल काही, आणि मापपट्टींशी एक मतभेद.

क्र. १२ वरून कुणाला गाळू नका, हे मान्य. पण ते विधान नुसतं छापून सोडून देऊ नका, 'बाह्य संघर्षा'च्या शेजारी ठेवून वाचा. बाह्य संघर्षाचं एक विधान महत्त्वाच्या व्यक्तींशी मतभेद असण्याबद्दल आहे, दुसरं अशा व्यक्तींचे सल्ले परस्परविरोधी असण्याबद्दल. ज्याने घरच्यांचा निर्णय आधीच मान्य केलाय त्याला मतभेदच नाही. त्याचा बाह्य संघर्ष कमी येईल आणि अहवालात तो 'अडचण नसलेला' म्हणून उभा राहील. १२ ला जास्त आणि बाह्य संघर्षाला कमी गुण देणारा गट वेगळा काढून पाहा. दुसरीकडे, ब देशात बाह्य संघर्ष वर दिसतोय याचा अर्थ तिथे कुटुंबाचा दबाव जास्त, असा सरळ लागत नाही. विद्यार्थी विरोध करू लागले असले तरीही गुण वरच जाणार. मापनी तुम्हाला घर्षण दाखवते, दाब दाखवत नाही. दाब मोजायचा तर तीन-चार विधानं वेगळी घाला: घरचे चर्चेत किती असतात, शेवटचा शब्द कुणाचा, आणि विद्यार्थ्याला ते आधार वाटतं की ओझं. ही सीडीडीक्यूच्या गुणांत मिसळू नका, तिच्यानंतर वेगळ्या पानावर द्या.

याच चष्म्यातून आणखी दोन जागा तपासा. अनिर्णयी वृत्तीत एक विधान असं आहे, की निर्णयाला जाणकार किंवा विश्वासू माणसाचा दुजोरा लागतो. काही ठिकाणी हे अनिर्णयाचं लक्षण, काही ठिकाणी शहाणपणाचं. दुसरी जागा म्हणजे करिअरची निवड एकदाच आणि कायमची असते, ही 'चुकीची' धारणा. प्रवेशपरीक्षेने शाखा पक्की होते आणि ती बदलायची तर पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते, अशा व्यवस्थेत ही धारणा चुकीची कशी? ते तिथल्या नियमांचं बिनचूक वर्णन आहे. या दोन विधानांचे इंटरसेप्ट सुटले तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि समरेषा म्हणतात तसं आशयाचं कारणही आयतंच हातात आहे.

नमुन्याबद्दल. 'पहिल्या वर्षाचे विद्यार्थी' दोन्हीकडे एकाच टप्प्यावर असतात का? काही देशांत शाखा प्रवेशाआधी ठरते, काही ठिकाणी दोन वर्षं शिकल्यावर. पहिल्या प्रकारात 'माहितीचा अभाव' पदवीनंतरच्या नोकरीबद्दल असतो, दुसऱ्यात मुख्य विषयाबद्दल. विधानं तीच, विद्यार्थ्याच्या मनातला निर्णय वेगळा. म्हणून सूचनेतच स्पष्ट लिहा की उत्तरं कुठल्या निर्णयाबद्दल द्यायची आहेत. प्रश्नावलीच्या सुरुवातीला 'कुठल्या क्षेत्राचा विचार केलाय का, आणि निवडीबद्दल किती खात्री आहे' असा भाग असतो, तो जागा वाचवायला काढून टाकतात. काढू नका. निर्णयाचा टप्पा सारखा धरून तुलना करायला तोच उपयोगी पडतो. वय, लिंग आणि वर्ष यांच्या बरोबरीने तो सहचल म्हणून घाला. आणि दोन्हीकडे प्रश्नावली सत्राच्या एकाच टप्प्यावर द्या. एकीकडे प्रवेशअर्जाच्या शेवटच्या आठवड्यात आणि दुसरीकडे निवांत दिवसांत दिली, तर तुम्ही देश मोजत नाही, वेळापत्रक मोजताय.

व्यक्तिगत समुपदेशनासाठी हेच गुण वापरणार असाल तर एका देशाचे मानदंड दुसऱ्यात लावू नका. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या दहांपैकी वरचे दोन-तीन उपगट घेऊन बोलायला बसणं जास्त सुरक्षित.

---

मापपट्टी:

१२ चा असा वापर पटला. फक्त एकाच विधानावर गट पाडताय हे अहवालात लिहा, आणि गट पाडण्याचा आकडा आधी ठरवा.

---

उलट-सुलट:

भाषांतराकडे कुणी वळलं नाही, म्हणून थोडक्यात. ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या पद्धतीने उलट भाषांतर करून मूळ मजकुराशी ताडून पाहणं हे सगळे करतात आणि तिथेच थांबतात. अडचण अशी की शब्दशः, कृत्रिम भाषांतर उलट फिरवलं की मुळाशी छान जुळतं. उलट भाषांतर जुळलं म्हणून विद्यार्थ्याला विधान कळलं असं होत नाही. हार्कनेस यांची 'ट्रॅप्ड' पद्धत बरी पडते: दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, मग एकत्र बसून तपासायचं, मग एकाने निवाडा द्यायचा, मग पूर्वचाचणी, आणि प्रत्येक टप्प्याची नोंद. दोघांपैकी एक जण मानसशास्त्रातला आणि एक त्या वयाच्या मुलांची बोली रोज ऐकणारा असावा.

पूर्वचाचणीत नुसत्या खुणा घेऊ नका. दर भाषेत १०-१५ विद्यार्थ्यांसमोर बसा, विधान मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा: हे तुमच्या शब्दांत सांगा, ६ वर खूण का केलीत, ८ वर का नाही. श्रेणीच्या दोन टोकांची लेबलंही इथेच तपासा. एका भाषेतलं लेबल जास्त जोरकस असेल तर त्या देशातले विद्यार्थी त्या टोकाला जायला कचरतात, आणि तो फरक पुढे संस्कृतीच्या खात्यात जमा होतो. मूळ लेखकांची परवानगी आणि त्या भाषेत आधीची आवृत्ती आहे का याची चौकशी, दोन्ही सर्वांत आधी.

चौथ्या प्रश्नाबद्दल: हॉफस्टेड यांचे गुण देशाचे आहेत, विद्यार्थ्याचे नाहीत. तुमच्याकडे देश दोन, म्हणजे त्या पातळीवर बिंदू दोनच. दोन बिंदूंमधून रेघ नेहमीच जाते. ब देशाचा गुण प्रत्येक विद्यार्थ्यासमोर लिहिलात तर तुम्ही फक्त देशाचं नाव आकड्यात लिहिलंत. समूहवाद कारण आहे असं म्हणायचं तर तो विद्यार्थ्यागणिक मोजा. सिंगेलिस यांची १९९४ ची स्व-संकल्पनेची २४ विधानांची मापनी आहे, किंवा सिंगेलिस, ट्रायंडिस आणि सहकाऱ्यांची १९९५ ची ३२ विधानांची, जिच्यात आडवा-उभा व्यक्तिवाद आणि समूहवाद वेगळे निघतात. मग पाहा, हा गुण घातल्यावर देशांमधला फरक आटतो का, आणि एकेका देशाच्या आतही समूहवादी विद्यार्थ्यांचा बाह्य संघर्ष जास्त आहे का. आत काहीच संबंध नसेल तर देशांमधल्या फरकाचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. याही मापन्यांची समता तपासावी लागेल, त्यातून सुटका नाही.

---

चाचपणी:

सगळ्यांचे आभार. ७ आणि १२ ची चाळणी काढतो, सूचनेची ओळ आणि वेळेची नोंद घालतो. आकड्यांचे निकष आधी लिहून ठेवीन. एक राहिलंच: पूर्वचाचणीच्या आकड्यांवर दहा फॅक्टर चालवून पाहिले तर 'माहिती मिळवण्याचे मार्ग' मध्ये एका विधानाचं त्रुटी-विचरण ऋण आलं. विधान काढू का?

---

समरेषा:

काढलंत तर फॅक्टरला एकच विधान उरेल, तो फॅक्टरच राहणार नाही. पूर्वचाचणीचा नमुना एवढ्या मॉडेलसाठी फार लहान आहे, त्यावर सीएफए, म्हणजे ही फॅक्टरची तपासणी, चालवूच नका. तिथे सरासऱ्या, वाटप आणि विधानांमधले सहसंबंध एवढंच पाहा. पूर्ण नमुन्यातही ऋण आलं तर त्या उपगटाची दोन्ही लोडिंग एकमेकांना समान बांधा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं. तरीही सुटलं नाही तर त्या दोन विधानांचा आपसातला सहसंबंध आणि शेजारच्या 'व्यवसायांविषयी माहिती'शी असलेला सहसंबंध शेजारी ठेवा. दुसरा पहिल्याइतकाच मोठा असेल तर तुमचे विद्यार्थी हे दोन उपगट वेगळे धरतच नाहीत. मग नऊ फॅक्टरचं मॉडेल दोन्ही देशांत चालवून दहाच्या मॉडेलशी तुलना करा आणि दोन्हींचे निकाल द्या. त्रुटी-विचरण शून्यावर बांधून पुढे जाऊ नका. सॉफ्टवेअर गप्प बसतं, पण दोष तिथेच राहतो आणि पुढे सहविचरणांत डोकं वर काढतो.